तसबिरीतला देव

देवांच्या रंगीत छापील तसबिरी आज घरोघर दिसतात, पण त्यांची परंपरा फार जुनी नाही. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. तिथले रामपंचायतन लोकप्रिय झाले. 1894 साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली, अशा शिळाछापाने लक्ष्मी-सरस्वती बाजारात आल्या. या कागदाने भक्तीची वाट रुंद केली, असे माझे म्हणणे आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केली की रोजचे स्नान, नैवेद्य, सोवळे-ओवळे हे सारे मागोमाग येते. तसबिरीला काचेवर गंधाचा टिळा, एक हार आणि उदबत्ती पुरते. चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे एवढेच जमण्यासारखे होते. देवळाचे दार ज्यांना बंद होते, त्यांनाही देवाचे रूप घरात आणता आले. अर्थात मंदिरप्रवेशाचा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यासाठी 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला.

यावर पहिला आक्षेप असा, की छापखान्याने देवांना एकच चेहरा दिला. रविवर्म्याची साडीतली देवी सर्वमान्य झाली आणि कुलदैवताचे टाक मागे पडले. यात तथ्य आहे. गावच्या शेंदूर लावलेल्या तांदळ्याला या चित्रांत क्वचितच जागा मिळाली. पण घोड्यावरचा खंडोबा-म्हाळसा, पंढरीचा विठोबा, तुळजापूरची भवानी यांच्या तसबिरीही याच बाजाराने छापल्या, आणि दूर नोकरीला गेलेल्या माणसाला आपले दैवत बरोबर नेता आले. दुसरा आक्षेप धंद्याचा. पण मूर्तिकार, फुलवाला, गुरव यांचाही चरितार्थ देवावरच चालतो. शिवाय या धंद्यात फायद्याची खात्री नव्हती: रविवर्म्यांचा छापखाना कर्जात बुडाला आणि श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. खरा दोष फटाक्यांच्या वेष्टनावर देव छापण्यात आहे, कारण ते चित्र फाटून पायदळी जाण्यासाठीच छापलेले असते. त्याची जबाबदारी छापणाऱ्याची आणि विकत घेणाऱ्याचीही. तेव्हा दिवाळीच्या खरेदीत असे वेष्टन दिसले, तर ते परत करा आणि दुकानदाराला कारण सांगा.