तळ्याची मालकी आणि बांधाची राखण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी काही कुटुंबांनी शेतावर ओढा अडवून विहारासाठी लहान तळी केली आहेत. मुलेबाळे तेथे आनंदाने रमतात, याचा आम्हांस संतोष वाटतो. परंतु बांध घालणे हे एका हंगामाचे काम असले, तरी तो राखणे हे पिढ्यांचे व्रत आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क येथे सुमारे ७२ फूट उंचीचा मातीचा बांध होता. मूळचा तो सरकारी कालव्यासाठी बांधलेला. पुढे १८७९ साली पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबाने तो मासेमारी व नौकाविहारासाठी घेतला. अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारखे लक्ष्मीपुत्र त्याचे सभासद होते. पाणी सोडण्याचे तळातील नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसविले नाहीत. वरून गाड्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा खाली केला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. १८८० साली जॉन्सटाउनच्या लोखंड कारखान्यातील तज्ज्ञाने हे दोष लेखी कळविले. भीतीचे कारण नाही, असे त्यास उत्तर गेले. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि बांध फुटला. १४ मैल खालचे जॉन्सटाउन उद्ध्वस्त होऊन २,२०९ माणसे प्राणांस मुकली.

त्या मंडळींस द्रव्याची वाण नव्हती, बुद्धीचीही नव्हती. उणीव होती ती उत्तरदायित्वाची. बारभाईंच्या कारभारात उपभोग सर्वांचा आणि देखभाल कोणाचीच नाही, असे होते. १९६१ सालचे पानशेत आणि २०१९ सालचे चिपळूण तालुक्यातील तिवरे आपणांस परके नाहीत.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यत्वे १५ मीटरहून उंच धरणांस आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांस लागू होतो. त्याहून लहान बांधांची राखण बहुतांशी मालकाच्या दक्षतेवरच अवलंबून राहते. म्हणून आमची विनंती अशी : मृग लागण्यापूर्वी सांडवा पूर्ण मोकळा करावा. त्याच्या तोंडाशी जाळी वा फळ्या लावून पाणी वाढविण्याचा मोह टाळावा. पाणी सोडण्याची झडप वर्षातून एकदा तरी चालवून पाहावी. बांधावर झुडपे वाढू देऊ नयेत. मोठी झाडे मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून उपटू नयेत. उंदीर-खेकड्यांची बिळे व माथ्यावरील खचलेल्या जागा वेळीच भरून चोपाव्यात. पायथ्याशी पाझरणारे पाणी गढूळ दिसल्यास आतील माती वाहत आहे असे समजून तत्काळ अभियंत्यास बोलवावे आणि खालच्या वस्तीस कळवावे. तळे भावाभावांच्या सामाईक मालकीचे असल्यास एकाचे नाव ठरवून ही नोंदवही त्याच्या हाती द्यावी.

तळे आपले असले, तरी त्याच्या पाण्याखाली येणारी घरे दुसऱ्यांची आहेत. त्यांच्या सुखरूपतेचा भार आपण आनंदाने उचलावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.