न्यायासनावरून उतरल्यानंतर

न्यायाधीश आसनावर असतो तोवर त्याच्या शब्दामागे राजसत्ता उभी असते. त्याचा निर्णय कोणास रुचो वा न रुचो, हुकूमनामा निघतो, जप्ती होते, बेलीफ दारी येतो. आसनावरून उतरल्यावर हे सारे बळ गळून पडते आणि उरतो तो केवळ त्याचा लौकिक. असे असूनही भांडणारे दोन पक्ष पुष्कळदा अशाच निवृत्त गृहस्थाचे दार ठोठावतात आणि "आपण सांगाल ते आम्हांस मान्य" असे म्हणतात. सत्ता गेल्यावर जो मान उरतो तोच माणसाचा स्वतःचा मान होय. परंतु त्या मानाबरोबर एक कठीण उत्तरदायित्वही येते. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पंचांपुढे वाद नेण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून आरंभीच राजीनामा लिहून घेतलेला आढळतो. आज या शब्दाचा अर्थ पद सोडणे असा झाला आहे. त्या काळी त्याचा अर्थ होता, अमुक सभेने केलेला निवाडा मानण्यास आपण राजी आहो, असा लेख. त्यानंतर जामीन घेत, तकरीरी लिहवीत, साक्षीपुरावा तपाशीत. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष जिंकणाऱ्यास येजितखत लिहून देई. म्हणजे आपला दावा खोटा ठरला, हे तो लेखी मान्य करी. न्यायाचा आरंभही संमतीने आणि शेवटही संमतीने, अशी ती योजना होती.

विसाव्या शतकात हीच योजना अहमदाबादच्या गिरण्यांत निराळ्या रूपाने दिसली. १९१८ च्या संपाची अखेर लवादाने झाली आणि तेव्हापासून मालक व मजूर यांचे वाद पंचांपुढे नेण्याचा प्रघात तेथे पडला. १९३६ साली मजुरी कमी करावी, अशी मागणी मालकांनी केली. मजुरांच्या बाजूने महात्मा गांधी आणि मालकांच्या बाजूने शेठ कस्तुरभाई लालभाई असे दोन पंच बसले. पण त्यांचे एकमत होईना. तेव्हा सरपंच म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सर गोविंदराव मडगावकर यांच्याकडे वाद गेला. एका बाजूस हजारो कुटुंबांची भाकरी होती, दुसऱ्या बाजूस धंद्याचे स्थैर्य होते; आणि जेथे गांधीजींसारख्या पुरुषाचे व प्रतिपक्षाचे जुळेना, तेथे दोघांनाही विश्वासार्ह वाटणारा माणूस हवा होता. आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्यालाच असा विश्वास लाभतो.

तथापि संमती मिळाली म्हणजे न्याय झाला, असे मात्र नव्हे. या बाबतीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सेवाकालातील एक प्रकरण फार उद्बोधक आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे लोण इतर गावीही पसरले. ठिकठिकाणी कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो लागू होता. त्यात सलोखा घडवून आणणारे कन्सिलिएटर नेमण्याची तरतूद होती. न्यायालयात जाण्यापूर्वी त्यांच्यापुढे जावे लागे आणि तेथे झालेल्या कबुलायतीस पुढे हुकूमनाम्याचे बळ येत असे.

हेतू उत्तम होता. परंतु रोख्यामागचे सत्य उकरून काढण्याचा अधिकार न्यायालयास होता, तसा तो या सलोखा करणाऱ्यांस नव्हता. सावकाराने आकडा सांगावा आणि निरक्षर कुणब्याने मान डोलवावी, एवढ्यावरही सलोखा होऊ शके. कागदावर तंटा मिटे, घरात मात्र दारिद्र्य तसेच राही. रानडे १८८१ पासून या कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश होते आणि १८८७ नंतर स्वतः विशेष न्यायाधीश झाले. गावोगाव फिरून खालच्या न्यायालयांचे काम तपासणे हा त्यांच्या कर्तव्याचा भाग होता. रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीची वर्णने आहेत. या कायद्याचा गाभा असा की, रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ मुद्दल किती, व्याज किती आणि फेड किती, हे पहिल्यापासून पाहावे. आधी खरा हिशेब, मग तडजोड, हा क्रम उलटला की सलोखा हे बलवानाचे शस्त्र होते.

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारासारख्या जुन्या पेठेत हीच गोष्ट घरगुती रूपाने घडू शकते. समजा, वडिलार्जित दुकान आहे आणि दोघे भाऊ भागीदार आहेत. वह्या थोरल्याच्या हाती, धाकट्याने त्या कित्येक वर्षे पाहिलेल्या नाहीत. आप्तेष्ट म्हणतात, "झाले गेले विसरा, मिटवून टाका." जो मध्यस्थ एवढ्यावरच थांबेल तो थोरल्याचाच वकील ठरेल. जो प्रथम वह्या मागवील, दोघांसमक्ष वाचील आणि मग "आता काय द्यावे, काय सोडावे?" असे विचारील, तोच खरा मध्यस्थ. त्याने धाकट्यास हक्क कळू द्यावा. कळल्यानंतर त्यातला काही भाग प्रेमाने सोडणे ही उदारता होय. न कळता सोडला, तर ती फसवणूक होय.

आज कायद्यानेही हा मार्ग प्रशस्त केला आहे. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतीस अधिष्ठान दिले; १९९६ च्या कायद्याने लवाद व सलोखा यांची नवी घडी बसविली; २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. लवाद निर्णय देतो आणि तो पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निर्णय देत नाही, पक्षांनाच निर्णयापर्यंत नेतो. अनेक निवृत्त न्यायाधीश या दोन्ही कामांत आपले उत्तरायुष्य वेचतात. आसनावर ज्याने निकाल सांगितले, त्याला येथे बहुतेक वेळ ऐकावेच लागते. आणि अधिकार गाजविण्याची सवय सोडणे हेच त्याचे पहिले तप ठरते.

खटल्याच्या निकालानंतर एक जिंकतो, एक हरतो आणि दोघांची दारे एकमेकांस बंद होतात. खऱ्या सलोख्यानंतर दोघेही त्याच गल्लीत राहू शकतात, सणासुदीस एकमेकांच्या घरी जाऊ शकतात. पण ती दारे सत्याच्या चौकटीवर बसविलेली असली तरच टिकतात. न्यायासनावरून उतरलेल्या माणसाने समाजास द्यावयाचे उरलेले ऋण हेच आहे की, त्याने चौकट आधी सरळ करून घ्यावी आणि मगच दार बसवावे.