फोकस कुणाच्या नजरेने?

बचत गटाच्या ताईंना कॅमेऱ्याशी काय करायचंय, असं कुणाला वाटेल. पण शिलाई मशीन, शेळ्या, पिठाची गिरणी यांच्यासाठी कर्ज मागता मागता आपल्या काही जणी आता कॅमेऱ्यासाठीही अर्ज करू लागल्या आहेत. हळद, डोहाळजेवण, बारसं असे बायकांचे कार्यक्रम असले की फोटो काढायला बाई असलेली बरी वाटते. दुकानात गेलं की एखादा महागडा कॅमेरा दाखवून सांगतात, "ताई, यात नुसतं बघायचं, बघाल तिथे फोकस." हे खरं आहे का आणि डिजिटल कॅमेऱ्यात ते असावं का, हे आज पाहू.

आधी फोकस म्हणजे काय ते सांगते. फोटोत जे ठळक, स्पष्ट दिसतं त्यावर फोकस असतो, बाकीचं धूसर होतं. म्हणजे फोटो कुणाचा, हे फोकस ठरवतो. कॅमेरा आपोआप फोकस करतो त्याला ऑटोफोकस म्हणतात. पण समोर दहा माणसं असतील तर दहांतलं कोण, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. अंगठ्याने बटण सरकवून सांगता येतं, स्क्रीनवर बोट ठेवून सांगता येतं. तिसरा मार्ग नजरेचा.

तो असा चालतो. कॅमेऱ्याला डोळा लावतो त्या खिडकीत बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश अवरक्त, म्हणजे आपल्याला न दिसणारा. तो आपल्या डोळ्यावर पडतो आणि चमकतो. ती चमक कुठे आहे आणि बाहुली कुठे आहे, हे आतला सेन्सर पाहतो आणि आपण कुठे बघतोय याचा हिशेब करतो. प्रत्येकीचा डोळा वेगळा, म्हणून आधी कॅमेऱ्याला आपल्या नजरेची ओळख करून द्यावी लागते. खिडकीत ठिपके दिसतात, त्यांच्याकडे एकेक करून बघायचं. उन्हात एकदा, घरात एकदा असं केलं तर ओळख आणखी पक्की होते.

ही गोष्ट आजची नाही, रीळच्या जमान्यातली आहे. कॅनन कंपनीने 1992 मध्ये ईओएस 5 नावाचा कॅमेरा आणला. त्यात फोकसच्या पाच जागा होत्या आणि त्यांतली हवी ती नजरेने निवडता यायची. कॅमेरा उभा धरला की मात्र ही सोय चालायची नाही. 1995 मध्ये हौशी लोकांसाठीच्या ईओएस 50ई मध्ये ती आली, तिथे जागा तीन. 1998 च्या ईओएस 3 मध्ये जागा थेट 45 झाल्या. कुणाला हा कॅमेरा मनातलं ओळखतो असं वाटायचं, तर कुणाला तो भलतीकडेच फोकस करतो म्हणून वैताग यायचा. चष्मा लावणाऱ्यांची तक्रार जास्त. पुढे डिजिटल कॅमेरे आले, पण कॅननने त्यांत बरीच वर्षं ही सोय दिलीच नाही. ती परतली थेट 2021 मध्ये, ईओएस आर3 या कॅमेऱ्यात. 2024 मध्ये आर1 आणि आर5 मार्क टू यांच्यातही आली.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की हल्लीचे कॅमेरे माणसाचा चेहरा आणि डोळा स्वतःच शोधतात, मग आपल्या नजरेचं काम काय? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एकात कॅमेरा समोरच्या माणसाचा डोळा शोधतो, दुसऱ्यात तो आपला डोळा वाचतो. हळदीला नवरीभोवती वीस बायका असतात. कॅमेरा बरेचदा जवळचा, मोठा चेहरा पकडतो. पण मागे उभी राहून पदराने डोळे टिपणारी नवरीची आई आपल्याला हवी असते. ती महत्त्वाची आहे हे कॅमेऱ्याला कसं कळणार? ते आपल्याला कळतं. कबड्डीतही तसंच, चढाईला आलेली एक आणि पकडायला सात. कोणावर लक्ष ठेवायचं ते खेळ समजणारी बाईच ठरवणार.

दुसरा आक्षेप असा की नजर एका जागी ठरत नाही. फोटो काढताना आपण कडाही बघतो, मागे कुणी मध्येच आलंय का तेही बघतो. म्हणून फोकसने तिकडे धावावं का? आक्षेप रास्त आहे. पण नव्या कॅमेऱ्यांत आपण बघतो तिथे आधी नुसती खूण दिसते. बटण अर्धं दाबलं की मगच तिथे फोकस बसतो आणि पुढे ते माणूस हललं तरी कॅमेरा त्याच्या मागे राहतो. म्हणजे निवड आपली, पाठलाग कॅमेऱ्याचा. मला ही वाटणी योग्य वाटते.

तिसरा आक्षेप चष्म्याचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. काळा चष्मा, कडक कॉन्टॅक्ट लेन्स, दोन नंबरांचा चष्मा असेल तर ही सोय नीट न चालण्याची शक्यता असते. आपल्यातल्या कितीजणींना चाळिशी लागलीय! म्हणून ही सोय बटणाने बंद करता आलीच पाहिजे आणि बाकीचे दोन मार्गही हाताशी हवेत.

तर माझं मत असं की नजरेचा फोकस डिजिटल कॅमेऱ्यात जरूर असावा, आणि तो स्वस्त कॅमेऱ्यात आधी यावा. महागड्या कॅमेऱ्यात फोकसची जागा हलवायला अंगठ्याखाली छोटी दांडी असते. स्वस्तातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तीही नसते. ज्यांना गरज जास्त त्यांनाच सोय कमी! रीळच्या काळात तीन वर्षांत ही सोय हौशी लोकांच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचली होती. आज आर3 ची अमेरिकेतली सुरुवातीची किंमतच 5,999 डॉलर होती, म्हणजे आपल्याकडे लाखांचं काम.

म्हणून अर्ज करणाऱ्या मैत्रिणींना सांगते, एवढ्या एका सोयीसाठी कर्ज वाढवू नका. आपल्या कामाला आधी चांगली लेन्स, जादा बॅटरी आणि फ्लॅश लागतो. महागडा कॅमेरा बघायचाच असेल तर रोजचा चष्मा लावून दुकानातच नजरेची ओळख करून घ्या. घरातल्या उजेडात आणि दाराबाहेर उन्हात, दोन्हीकडे चालवून बघा. दहातल्या चार वेळा चुकला, तर तो तुमच्यासाठी नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

आणि मोबाइलवर फोटो काढणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे बोट आहे. पापडाच्या पाकिटावरचं नाव ठळक हवं असेल तर स्क्रीनवर त्या नावावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलमध्ये बोट थोडा वेळ तसंच ठेवलं की फोकस तिथे पक्का होतो. नजरेने असो की बोटाने, फोटोत कोण ठळक दिसणार हे यंत्रावर सोडू नका, ते आपण ठरवायचं.