काँग्रेसवुमन म्हणजे कोण?
अमेरिकेच्या बातम्यांत ‘काँग्रेसवुमन’ हा शब्द कानावर पडतो. तिथल्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, सभागृहं दोन, सेनेट आणि प्रतिनिधीगृह. ही उपाधी मात्र रूढ आहे ती प्रतिनिधीगृहातल्या महिलांसाठीच. सेनेटमधल्या महिलेला नुसतं ‘सेनेटर’ म्हणतात.

पहिल्या काँग्रेसवुमन मोंटाना राज्याच्या जेनेट रँकिन. त्या १९१६ मध्ये निवडून आल्या. देशभरातल्या महिलांना मतदानाचा घटनात्मक हक्क मिळाला तो त्यानंतर, १९२० मध्ये! अलीकडचं उदाहरण म्हणजे चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल. त्या २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून निवडून आल्या. सभागृहात बोलताना सहसा सदस्याचं नाव घेत नाहीत. जयपाल यांचा ‘वॉशिंग्टनच्या जेंटलवुमन’ असा उल्लेख होतो. स्त्री-पुरुष भेद टाळायचा असेल, तर ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ ही उपाधी दोघांनाही चालते.