नगरचे ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘नगरचे खास पदार्थ’ हा विषय चिटणीसबाईंनी माझ्या गळ्यात घातला, तेव्हा मला वाटले, सोपे काम आहे. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. याहून नगरचे ते काय असणार? पण थोडे वाचले आणि थक्क झाले. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. फार प्राचीन काळी ती इकडे आली. मिरची आणि भुईमूग तर अमेरिकेतले. अहमद निजामशहाने 1490 साली हे शहर वसवले. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 साली, आणि मिरची आली त्याच्याही मागून. म्हणजे नगरच्या पहिल्या रहिवाशांना मिरचीचा ठेचा ठाऊकच नव्हता!

धान्य आले तशी माणसेही आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. तेलंगणात संक्रांतीला तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून ‘सकिनालू’ नावाची कडी तळतात. मारवाडातून व्यापारी आले. त्यांच्यातल्या जैन घरांत पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून बेसनाचे गट्टे नि पापडाची भाजी. आज पावसाळ्यात भाजी मिळाली नाही की आपणही पापडाची भाजी करतो, आणि ती कोणाची हे विसरतो. 1947 च्या फाळणीनंतर सिंधी-पंजाबी कुटुंबे आली. पुष्कळशी तारकपूर भागात राहिली.

असेच एक सिंधी बिऱ्हाड आमच्या वाड्यात होते. त्या बाईंना सारे भाभी म्हणत. त्या घरी पापड लाटून विकत. एकदा त्यांनी आमच्याकडे दाल-पकवान पाठवले. आईचे सोवळे कडक, त्यात त्यांच्याकडे मासळी शिजे. आईने ताटली तशीच गाईपुढे ठेवली. मी मागे वळून पाहिले, तो भाभी दारात उभ्या! त्या काही बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या. हातात मिऱ्यांच्या पापडांची चळत. म्हणाल्या, “कच्चे हैं, बहनजी. अपने चूल्हे पे सेंक लो.”

भगिनींनो, त्या वेळी मी लहान होते. मला पापडांचाच आनंद. त्या एका वाक्यात केवढे मन होते, हे मला संसारात पडल्यावर कळले. आमचे सोवळे त्यांनी मोडले नाही; त्यातून वाट काढली. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड नि पाणी देतात. आमच्या घरी मात्र तो पापड त्यांनाच आणून द्यावा लागला.

1958 साली माझे वडील गेले. घरात चूल पेटली नव्हती. पहिले पातेले आले ते भाभींचे. पालक नि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी, आणि भात. आईने आम्हा मुलांना वाढले, आणि मग स्वतः जेवली. सोवळ्याची गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही. ती भाजी आमच्याकडे अजून होते. माझ्या सुना तिला ‘भाभींची भाजी’ म्हणतात. भाभींना त्यांनी पाहिलेले नाही.

हे सांगायचे कारण असे. आज नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे येतात. काहींची कुटुंबेही आपल्या गल्ल्यांत राहतात. उद्या त्यांची सातूचे पीठ भरलेली लिट्टी आपल्या पाककृतींच्या स्पर्धेत येईल, कदाचित बक्षीसही मिळवील. पण ती करणारी बाई या सभागृहात असेल का? आज तरी त्यांतली एकही मला येथे दिसत नाही. पदार्थ आत घ्यायचा आणि बाई दाराबाहेर ठेवायची, ही आपली जुनी खोड आहे. ती माझ्या आईची होती. माझीही आहे, कारण समोरच्या खोलीत दोन वर्षे राहणाऱ्या बाईचे नाव मी परवापर्यंत विचारले नव्हते.

तेव्हा माझी एकच सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या एका परप्रांतीय शेजारणीला बरोबर आणावे. तिने काही करून आणले, तर ते तिच्यासमोरच खावे.