वकील कुणाचा?

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घर घ्यायचं ठरलं की आपण काय काय बघतो? पाणी किती वाजता येतं, स्टेशन किती लांब, पहाटेची गाडी पकडायला कधी निघावं लागेल. नेरळ, भिवपुरी, कर्जत, खोपोली, कुठंही जा, बायका हे सगळं बारकाईनं विचारतात. वकील मात्र कुणी बघत नाही. तो असतोच. एजंटच्या ऑफिसात बसलेला असतो, बिल्डरनं नेमलेला असतो, त्याची फी 'पॅकेज'मध्ये धरलेली असते. सही कुठं करायची ते तो बोटानं दाखवतो आणि आपण करतो.

मला आज एवढंच विचारायचं आहे, की हा वकील कुणाचा?

बिल्डरचा वकील बिल्डरचं हित बघणार. त्यात त्याची चूक नाही, ते त्याचं कामच आहे. महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीच्या मालकीबद्दलचा जो वकिली दाखला दिसतो, तोही बिल्डरनंच घेतलेला असतो. बँकेचा वकील बघतो ते बँकेचं कर्ज बुडणार नाही ना, एवढंच. आणि रजिस्ट्रेशन झालं म्हणजे सरकारनं तपासलं, हा तर आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा समज आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे की नाही, याची हमी तो देत नाही. म्हणजे एवढ्या माणसांत आपल्या बाजूनं कागद वाचणारं कुणीच नसतं.

मुंबईत मोठ्या व्यवहारांना सॉलिसिटर असतात. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टातले दिवाणी वकील हे काम करतात, आणि त्यांच्यात मन लावून करणारे आहेत. पहिल्या भेटीतच त्यांना विचारा: या बिल्डरचं किंवा एजंटचं काम तुम्ही करता का? फी किती, पावती देणार का? निदान 30 वर्षांचे फेरफार आणि इंडेक्स 2 तपासून मराठीत लेखी अहवाल देणार का? या प्रश्नांचा राग आला तर नमस्कार करून उठा. बाईच वकील हवी का, असं पुष्कळजणी विचारतात. असली तर बोलायला मोकळं वाटतं, हे खरं. पण बाई आहे म्हणून ती आपली, असं समजू नका. प्रश्न तिलाही हेच विचारायचे.

आता जुने फेरफार कशाला उकरायचे, तर ऐका. आमच्याकडे एक अंगणवाडी सेविका आली. जागा बिनशेती, वर दोन खोल्या, किंमत परवडणारी. विसार देऊन झाला होता. आम्ही सुचवलेल्या वकिलांनी फेरफार काढले. बाप वारल्यावर वारस म्हणून तीन भाऊ आणि दोन बहिणी लागल्या होत्या. पुढच्या फेरफाराला बहिणी गायब. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही, काही नाही. 'बहिणींना हिस्सा नको' एवढा तोंडी जबाब. सातबारा अगदी स्वच्छ दिसत होता, कारण त्यातून बायका पुसल्या होत्या!

ती चिडली. म्हणाली, "ताई, त्यांच्या घरातलं भांडण माझ्या डोक्यावर कशाला?" तिचा राग मला कळत होता. आपण शिबिरांत सांगतो, भावाच्या धाकानं हक्कसोडावर सही करू नका. आणि घर घ्यायला निघालो की आपल्यालाच ती सही झालेली हवी असते. यातून सुटायची सोपी वाट मला दिसत नाही. पण कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2005 ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या विक्रीला मात्र त्यामुळे धक्का लागत नाही. आपलं प्रकरण यात कुठं बसतं, हे सांगायलाच वकील लागतो.

वकिलांनी दोन्ही बहिणींना भेटायचं ठरवलं. एक हिस्सा घेऊन सही करायला तयार झाली. दुसरी म्हणाली, मला जमीनच हवी. व्यवहार मोडला. विसार दोन हप्त्यांत, बऱ्याच हेलपाट्यांनी परत मिळाला. सेविका अजून भाड्याच्या खोलीत राहते. वकिलानं काम चोख केलं की दर वेळी घर मिळतंच, असं मी सांगणार नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जुन्या फेरफारातच सापडते, ती म्हणजे ठाकर किंवा कातकरी खातेदाराचं नाव. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. असं नाव दिसलं की परवानगीचा आदेश मागायचा. 'नंतर होऊन जाईल' हे उत्तर नव्हे. तसंच कुलमुखत्यारपत्रावर किंवा नोटरीच्या कागदावर घर 'घेणं'. त्यानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात बजावलं आहे. महारेरात नोंदलेला प्रकल्प असेल तर नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. म्हणून वकिलाकडे जायचं ते पैसे देण्याच्या आधी.

आणि स्वतः जायचं. नवऱ्याला किंवा भावाला पाठवलं की वकील त्यांचं ऐकतो, मग फी तुम्ही का दिलेली असेना. मूळ कागद आपल्याजवळ ठेवा, झेरॉक्स द्या. पैसा कुठून येतोय ते लपवू नका. हप्ते तुम्ही भरणार असाल तर ते तुमच्याच खात्यातून जाऊ द्या.

नावाचंही बोलायला हवं. 1 एप्रिल 2021 पासून घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती मिळत नाही. आधी असं घर 15 वर्षं पुरुषाला विकायला बंदी होती, ती अट 2023 मध्ये निघाली. तेव्हापासून मला धास्ती वाटते. सवलतीपुरतं नाव बायकोचं लावायचं आणि पुढं तिची सही घेऊन विकून टाकायचं, हे आता सोपं झालं. म्हणून तुमचा वकील तुम्हाला एकटीला भेटला पाहिजे, निदान एकदा तरी.

फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यात सल्लाही येतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अर्ज लिहायला आम्ही बसू.

गावात घर असलेल्यांनी पुढच्या बैठकीला ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणा. 2003 मध्ये शासनानं 'घर दोघांचे' म्हणून त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं होतं. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, पण कुणाकुणाचं नाव अजून लागलेलं नाही ते कळेल. सातबारा असेल तर तोही आणा. एका वकीलबाईंना बोलावलं आहे. एकेक फेरफार मोठ्यानं वाचून घेऊ.