मॉरिशसचे मराठी आणि आपली कुटुंबसूची
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशीम येथे दिलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, जमाखर्च वाचला जातो आणि नंतर कोणी एक वक्ता ज्ञातीच्या उन्नतीविषयी चार शब्द सांगतो. यंदा ते काम चिटणिसांनी माझ्यावर सोपविले आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तीन तपे मी शाळेत इतिहास शिकविला. तेव्हा एक हकीकत सांगण्याचा अधिकार आपण मला द्यावा. शेवटी एक कबुलीही द्यावयाची आहे.

१९६८ साली मी अकोल्यास महाविद्यालयात शिकत होतो. याच मंडळाची दरमहा पंधरा रुपयांची शिष्यवृत्ती मला मिळत असे. ती नसती तर मी गावी परतून आडत्याच्या दुकानी कापसाच्या गाड्या मोजीत बसलो असतो. त्या वर्षी १२ मार्च रोजी हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट स्वतंत्र झाले. वसतिगृहातील रेडिओवर ती बातमी ऐकली, आणि त्या बेटावर मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे मला प्रथमच कळले. ते बेट मी आजतागायत पाहिलेले नाही. परंतु त्याविषयी जे मिळेल ते वाचण्याचा छंद तेव्हापासून जडला.

मॉरिशस आहे तरी केवढे? क्षेत्रफळाने आपल्या वाशीम जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. लोकसंख्या मात्र जवळजवळ आपल्याएवढीच, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. मूळचे रहिवासी असे त्या बेटावर कोणीच नव्हते. डच आले आणि गेले. फ्रेंचांनी आफ्रिकेतून व मादागास्करहून गुलाम आणून ऊस लावला. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. १८३५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस तोडावयास माणसे हवी होती, ती हिंदुस्थानातून नेण्यास १८३४ सालीच आरंभ झाला होता. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये वेतन. या कराराच्या इंग्रजी नावाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ हा शब्द झाला. सुमारे साडेचार लक्ष माणसे अशी त्या बेटावर उतरली. बहुतेक जण कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले संख्येने थोडे, आणि त्यांत रत्नागिरीसारख्या कोकणातील भागांतील मराठी माणसे होती.

या प्रवासाविषयी एक गोष्ट ज्ञातिसंमेलनात अवश्य सांगितली पाहिजे. समुद्र ओलांडला की जात बुडते, ही त्या काळची समजूत. जहाजावर एकाच भांड्यातले अन्न, एकाच पिंपातले पाणी. पंक्तिभेद पाळावयाचा कोठे आणि कसा? जो शेजारी झोपला तो ‘जहाजी भाई’ झाला, आणि ते नाते कित्येकांनी जन्मभर रक्ताच्या नात्याप्रमाणे पाळले. मॉरिशसमध्ये जात अगदीच नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही. निवडणुका आल्या म्हणजे तेथेही तिची आठवण होते. परंतु निरनिराळ्या जातींची मराठी माणसे तेथे काळाच्या ओघात ‘मराठी’ या एका नावाखाली आली. त्यांचा गणपती एक झाला. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही नाचली जाते. घरात बोलतात ती भाषा बहुधा क्रिओल; मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत शिकतात. भाषा ओठांवरून गेली तरी झांज आणि ढोलकी हातांत राहिली, याचे नवल वाटते.

आता त्यांच्या उद्यमाकडे वळू. उसाच्या मळ्यात मुकादम, ज्यास तेथे ‘सरदार’ म्हणत, त्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहत. युरोपातील बीटाच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. ज्यांच्या बापांनी कराराने मजुरी केली त्यांनीच १८७० नंतरच्या काळात ते तुकडे विकत घेतले. दोन-तीन एकरांचा तो तुकडा हाच त्यांच्या पुढील पिढ्यांच्या शिक्षणाचा पाया ठरला. मजुरांची गाऱ्हाणी वेशीवर टांगणारेही निघाले. गांधीजी १९०१ साली आफ्रिकेहून परत येताना काही दिवस त्या बेटावर थांबले. त्यांच्या सूचनेवरून १९०७ साली बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. गरिबांचे खटले त्यांनी चालविले आणि १९०९ साली ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. हेच मणिलाल डॉक्टर १९१२ साली पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर गिरमिटियांसाठी गेले, आणि १९२० सालच्या संपानंतर तेथील सरकारने त्यांस बेटांवरून घालवून दिले.

फिजीचा उल्लेख मी मुद्दाम केला. तेथे १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी मजूर गेले. तो देश १९७० साली, म्हणजे मॉरिशसनंतर दोनच वर्षांनी स्वतंत्र झाला. परंतु फिजीत मूळचे रहिवासी होते आणि बहुतेक जमीन त्यांच्या कुळांची. ती विकता येत नाही. हिंदी शेतकऱ्याने ऊस पिकविला तो खंडाच्या जमिनीवर. ‘हा देश कोणाचा?’ हा प्रश्न तेथे सुटला नाही. १९८७ साली आणि २००० साली पुन्हा एकदा लोकांनी निवडलेले सरकार उलथविले गेले. हिंदी वंशाची हजारो कुटुंबे देश सोडून गेली. सर्व नागरिकांना ‘फिजियन’ हे एकच नाव मिळाले ते २०१३ च्या राज्यघटनेने. एका देशात राहणाऱ्या सर्वांस एक नाव देण्यास ४३ वर्षे लागावीत, यावरून ते काम किती अवघड असते हे ध्यानी येईल.

मॉरिशसलाही ते सोपे गेले नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्यवादी पक्षांच्या विरोधात पडली. स्वातंत्र्यापूर्वी दोनच महिने राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली झाल्या. राज्यघटनेत तर असे कलम आहे की उमेदवाराने आपला समाज लिहून द्यावा. लोकांनी ६२ प्रतिनिधी निवडल्यावर ज्या समाजास कमी जागा मिळाल्या असतील त्यास अधिक ८ जागांतून वाटा द्यावयाचा. हेतू चांगला होता. दुर्बलांस भय वाटू नये म्हणून ती तरतूद केली. परंतु त्यासाठी १९७२ च्या जनगणनेचेच आकडे धरावे लागतात, कारण त्यानंतर तेथे समाजवार मोजणी झालीच नाही. आणि पुढे ‘आम्ही केवळ मॉरिशसवासी, दुसरा समाज लिहिणार नाही’ असे म्हणणारे तरुण उमेदवार निघाले, त्यांचे अर्ज फेटाळले गेले. आपल्याकडेही आगामी जनगणनेत जातवार नोंद होणार असे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे. मोजणीवाचून न्याय होत नाही, हे खरे. पण आपण मोजले गेलो म्हणजे आपली ओळख संपूर्ण सांगितली गेली, असे मात्र नव्हे.

१९६१ साली मीड नावाच्या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने या बेटाविषयी फार निराशेचे भाकीत केले होते: लोक फार, पीक एकच. ते भाकीत खोटे कसे ठरले? प्राध्यापक लिम फॅट या चिनी वंशाच्या मॉरिशसवासी गृहस्थांनी तैवानच्या धर्तीवर निर्यातीच्या कारखान्यांची कल्पना मांडली. १९७० साली त्याचा कायदा झाला. ज्या बेटावर कापसाची शेती नाही, लोकरीसाठी मेंढ्यांचे कळप नाहीत, तेथील स्त्रिया विणलेले कपडे शिवून युरोपास पाठवू लागल्या. पुढे २००५ साली कापडाच्या व्यापारातील जुनी कोटापद्धती संपली तेव्हा कित्येक कारखाने बंद पडले; तेव्हा त्यांनी पर्यटन, बँकव्यवसाय आणि संगणक यांकडे अधिक लक्ष दिले.

बंधूंनो, आपण कापूस पिकविणारी माणसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. पुढे कारंजाहून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही आपली छोटी ‘शकुंतला’ गाडी कापूस वाहून नेण्यासाठीच घातली गेली. कापूस गेला, कापड परत आले; मधली मजुरी आणि नफा दुसऱ्याचा. आज कापसाची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली. पण पोते भरून विकण्याची आपली रीत तीच आहे. २०१८ साली केंद्राने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली तीत वाशीमचे नाव आले. याचा दोष केवळ सरकारास किंवा पावसास देऊन मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता कबुली. गिरमिटियांच्या जहाजांच्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा. मजूर पळून गेल्यास ओळखता यावा, हा त्या नोंदीचा हेतू. आज त्याच वह्या चाळून पणतू आपल्या पणजोबाचे गाव शोधतात. भारत सरकारने २०२४ साली सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांस परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले. त्या कामीही या नोंदी उपयोगी पडतात. परक्या सत्तेने, कोरड्या मनाने केलेल्या नोंदीतूनही कित्येकांची नावे टिकून राहिली.

आणि आपली नोंदवही? या स्मरणिकेच्या शेवटी प्रतिवर्षी कुटुंबसूची छापली जाते. बावीस वर्षांपूर्वी ती तपासण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या नावावर मीच काट मारली. भाऊ काही बोलला नाही. मात्र त्या वर्षीची स्मरणिका त्याने घरात ठेवली नाही. ती मुलगी आज अमरावतीस शिवणकामाचा लहान कारखाना चालविते. वीस बायकांचे संसार त्यावर चालतात. कापसाचे कापड आणि कापडाचा सदरा करण्याची जी गोष्ट मी मघाशी आपणांस सांगितली, ती माझ्या घरातच घडली आहे. फक्त आपल्या सूचीत तिला जागा नाही. जहाजावरच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांनी जे सोडून दिले, ते मी पदवी घेऊन, इतिहास शिकवून, हातात लाल पेन्सिल धरून जपत बसलो.

ज्ञातिमंडळ मोडावे असे मी म्हणत नाही. पंधरा रुपयांचे ऋण मी विसरलेलो नाही. परंतु मंडळ हे आधार देण्यासाठी असावे, गाळण्यासाठी नसावे. म्हणून दोन सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. कुटुंबसूचीतून ज्या लेकींची व लेकांची नावे विवाहामुळे गळली, ती पुढील अंकी त्यांच्या संमतीने पुन्हा छापावीत. आणि शिष्यवृत्तीतील काही भाग कोणत्याही ज्ञातीच्या गरजू विद्यार्थ्यास, विशेषतः हातास कसब देणारे शिक्षण घेणाऱ्यास, द्यावा. शिष्यवृत्तीसाठी मी माझ्या निवृत्तिवेतनाचा एक महिन्याचा भाग आजच चिटणिसांकडे जमा केला आहे.

पहिल्या सूचनेस मात्र पैसे लागत नाहीत. लाल पेन्सिलीने खोडलेले नाव शाईने पुन्हा लिहावे लागेल, इतकेच. भावाच्या मुलीस मी गेल्या आठवड्यात पत्र लिहून तिची संमती मागितली. उत्तर अद्याप आलेले नाही. ते यावे अशी माझी योग्यता आहे की नाही, हे तीच ठरवील.